हौशी रेडिओला काही दिवसांचे मौन

ऑलिंपिकसारखा क्रीडामहोत्सव किंवा एखादे भव्य राष्ट्रीय संचलन जवळ आले, की हौशी रेडिओचालकांना, म्हणजेच ‘हॅम’ मंडळींना, कधी कधी सरकारी सूचना मिळते : अमुक तारखांना, अमुक भागात, अमुक वारंवारतांवर प्रक्षेपण करू नये. हॅम हा परीक्षा देऊन रीतसर परवाना मिळवलेला माणूस. मग त्याला गप्प का बसवायचे? या प्रश्नाचे उत्तर कायद्याइतकेच भौतिकशास्त्रातही आहे.

२०१२ चे लंडन ऑलिंपिक घ्या. पंचांचे वॉकीटॉकी, निवेदकांचे बिनतारी मायक्रोफोन, स्पर्धकांबरोबर फिरणारे कॅमेरे, पोलीस, रुग्णवाहिका असे सारे एकाच वेळी बोलू लागणार होते. त्यासाठी सुमारे २० हजार वारंवारता नेमून द्याव्या लागतील, असा ‘ऑफकॉम’ या ब्रिटिश नियामक संस्थेचा अंदाज होता. संरक्षण खात्याच्या काही वारंवारता त्यासाठी उसन्या घेतल्या गेल्या. एप्रिल २०१२ मध्ये लंडनमधील जुने अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणी प्रक्षेपण बंद झाले होते. ती मोकळी जागाही उपयोगी पडली.

इथे ‘जागा’ म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्याची रुंदी. वॉकीटॉकीवरील एका संभाषणाला साधारण १२.५ किलोहर्ट्झ पुरतात. भारतात हॅमना मिळालेला ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झचा पट्टा ४ मेगाहर्ट्झ रुंद आहे. भागाकार केला तर त्यात ३२० संभाषणे मावतात. पण बिनतारी कॅमेऱ्याच्या चित्रसंदेशाला ८ ते १० मेगाहर्ट्झ लागतात. म्हणजे ३२० संभाषणांची जागा एका कॅमेऱ्यालाही अपुरी!

दुसरा मुद्दा शक्तीचा. बिनतारी मायक्रोफोनची शक्ती सुमारे १० मिलिवॅट, तर हॅमचा प्रक्षेपक सहज १० वॅटचा असतो, म्हणजे हजारपट. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात लहरींची तीव्रता कमी होते. हजाराचे वर्गमूळ सुमारे ३२. तेव्हा १०० मीटरवरील मायक्रोफोन आणि ३.२ किलोमीटरवरील हॅम, मध्ये अडथळा नसेल तर, ग्राहीला सारख्याच जोराने ऐकू येतील. दोघांची वारंवारता एकच असेल तर निवेदकाचा आवाज बुडालाच म्हणून समजा. यात हॅमची चूक काहीच नाही. तो आपल्या घरी बसून नेहमीसारखाच बोलत असतो.

मग सारा देशच गप्प का करत नाहीत? कारण या वारंवारतांच्या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१ ने गुणले, की रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. २५ मीटर उंचीसाठी ते सुमारे २० किलोमीटर येते. ग्राहीचा अँटेनाही उंचावर असेल तर त्याचे अंतर यात मिळवायचे. म्हणून कार्यक्रमस्थळाभोवती काही किलोमीटरचे वर्तुळ आखले तरी पुष्कळदा भागते. याउलट ७ किंवा १४ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात, आणि सोहळ्यातील साधने तेथे सहसा नसतात. त्यामुळे ४३५ मेगाहर्ट्झवर मौन पाळणारा हॅम त्याच संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर दुसऱ्या खंडाशी गप्पा मारू शकतो.

कायद्यातही हेच तत्त्व दिसते. चीनमध्ये १ नोव्हेंबर २०१० पासून लागू झालेले रेडिओ नियंत्रणाचे नियम ठरावीक काळ, ठरावीक क्षेत्र आणि ठरावीक वारंवारता यांच्यापुरतेच निर्बंध घालतात. शिवाय प्रत्येक पट्ट्यावर कोणाचा हक्क प्राथमिक आणि कोणाचा दुय्यम, हेही आधीच ठरलेले असते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर हॅमचा हक्क प्राथमिक आहे. ४३४ ते ४३८ वर भारतात तो दुय्यम आहे; तेथे मुख्य वापरकर्त्याला त्रास द्यायचा नाही आणि त्याच्यामुळे झालेल्या त्रासाची तक्रारही करायची नाही.

तरीही बंदी मोजकीच हवी. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील हॅमना आपले प्रक्षेपक सरकारच्या स्वाधीन करावे लागले होते. ती सरसकट बंदी होती. अंदमानातही अनेक वर्षे हॅमचे प्रक्षेपण बंद होते. २६ डिसेंबर २००४ रोजी तेथे त्सुनामी आली, तेव्हा सुदैवाने भारती प्रसाद यांचे हॅम पथक विशेष परवानगीने पोर्ट ब्लेअरमध्ये होते. नेहमीची दळणवळण यंत्रणा कोलमडल्यावर या पथकाने मुख्य भूमीशी संपर्क साधून दिला. गंगासागर मेळ्यात बंगालमधील हॅम हरवलेल्या यात्रेकरूंची घरच्यांशी गाठ घालून देतात. सोहळ्यात हॅम अडचण ठरू शकतो, तसा आधारही होऊ शकतो. म्हणून बंदीच्या प्रत्येक सूचनेला तीन प्रश्न विचारावेत : कोणती वारंवारता? किती अंतरापर्यंत? किती दिवस?

वर्गात करून पाहण्यासारखे : हॅमने शक्ती १० वॅटवरून १ वॅटवर आणली, तर वरील उदाहरणातील ३.२ किलोमीटरचे अंतर किती होईल? विद्यार्थ्यांना आधी अंदाज करू द्या, मग गणित मांडू द्या. उत्तर एक किलोमीटरच्या जवळ आले, की पुढचा प्रश्न बहुधा तेच विचारतील : पूर्ण बंदीऐवजी शक्तीवरच मर्यादा घातली तर चालणार नाही का?