विश्लेषण : गेम रंगात आला की संगणक हँग का होतो? नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी काय तपासावे?

ब्राउझर नीट चालतो, एक्सेल उघडते, चित्रपटही अडखळत नाही. मात्र ‘सायबरपंक २०७७’सारखा भारी गेम सुरू करून वीस मिनिटे होत नाहीत तोच पडद्यावरचे चित्र जागीच थांबते, आवाज एकाच सुरावर अडकतो आणि पॉवरचे बटण दाबून धरण्याशिवाय पर्याय उरत नाही. डेस्कटॉपवर गेम खेळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी पहिला संशय ग्राफिक्स कार्डवर जातो. संगणकातील हा बहुधा सर्वांत महागडा भाग. तो बदलूनही संगणक हँग होतच राहिला, तर हजारो रुपये पाण्यात जातात. त्यामुळे खर्च करण्याआधी बिनखर्चाच्या तपासण्या कोणत्या आणि त्या कोणत्या क्रमाने कराव्यात, हे समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

फक्त गेम खेळतानाच असे का होते?

रोजच्या कामात संगणकाची फारच थोडी ताकद वापरली जाते. भारी गेममध्ये मात्र प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, डिस्क आणि या सर्वांना वीज पुरवणारा एसएमपीएस यांच्यावर एकाच वेळी ताण येतो. यांपैकी एखादा भाग कमकुवत झाला असेल, तर तो हलक्या कामात निभावून नेतो आणि गेममध्ये मान टाकतो. म्हणजेच गेम हे दोषाचे कारण नसते, गेममुळे दोष उघडा पडतो. पडद्यावर दिसणारा परिणाम मात्र सगळ्या दोषांत जवळपास सारखाच असतो, म्हणून निदान चुकते.

हँग होण्याच्या पद्धतीवरून काय कळते?

चित्र थांबले पण आवाज आणि मित्रांशी सुरू असलेले बोलणे चालू राहिले, तर संशय ग्राफिक्स कार्ड किंवा त्याच्या ड्रायव्हरवर जातो. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबून पाहावीत. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आले, तर संशय आणखी बळावतो.

चित्रासह आवाजही अडकला आणि कॅप्स लॉक दाबूनही कीबोर्डवरचा दिवा लागत नसेल, तर संपूर्ण यंत्रणाच थांबली आहे, असे समजावे. यामागे रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा वीजपुरवठा असू शकतो. संगणक हँग न होता थेट बंद किंवा रिस्टार्ट होत असेल, तर आधी एसएमपीएस आणि यूपीएसकडे पाहावे. गेम पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा पूर्ववत सुरू होत असेल, तर डिस्क तपासावी. फक्त एकाच गेममध्ये त्रास होत असेल, तर त्या गेमच्या फाइल खराब झाल्या असण्याची शक्यता अधिक. स्टीमवर त्या फाइल तपासून दुरुस्त करण्याची सोय आहे.

विंडोजकडे कोणत्या नोंदी असतात?

स्टार्ट मेन्यूत ‘रिलायबिलिटी’ असे टाइप केले की दिवसागणिक बिघाडांचा तक्ता उघडतो. अधिक तपशील ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये मिळतो. तेथे ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद अनेकांना घाबरवते. प्रत्यक्षात संगणक नीट शटडाऊन न होता बंद पडला, एवढाच तिचा अर्थ. पॉवर बटण दाबून बंद केले तरी ती येते. खरी माहिती तिच्या आधीच्या काही सेकंदांतील नोंदींत असते.

‘डिस्प्ले ४१०१’ ही नोंद म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते आणि विंडोजने तो पुन्हा सुरू केला. त्यासाठी विंडोज साधारण दोन सेकंद वाट पाहते. ‘व्हिया लॉगर’ची नोंद असेल, तर प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्डवरील एखाद्या भागाने स्वतःहून चूक कळवली आहे. ती दुर्लक्षित करू नये.

उन्हाळ्यात त्रास का वाढतो?

खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले, की आतल्या भागांचे तापमानही साधारण तेवढेच वाढते. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा जानेवारीत व्यवस्थित चालणारा संगणक मे महिन्यात कुरकुरू लागतो तो यामुळेच. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसरमध्ये ती ९५ अंश आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. त्यामुळे उष्णतेचा पहिला परिणाम बहुधा गेम संथ होण्यात दिसतो. मात्र ग्राफिक्स कार्डची मेमरी किंवा मदरबोर्डवरील वीज नियंत्रित करणारे भाग तापले, तर यंत्रणा थांबूही शकते.

‘एचडब्ल्यूइन्फो’ या मोफत प्रोग्राममध्ये तापमानाची नोंद फाइलमध्ये साठवता येते. गेम सुरू करण्याआधी ही नोंद चालू करावी. संगणक हँग झाला तरी फाइल उरते आणि शेवटच्या ओळींत त्या क्षणाच्या आसपासचे आकडे सापडतात. आणखी एक सोपी चाचणी म्हणजे कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून, समोर टेबल फॅन लावून गेम खेळून पाहणे. त्रास थांबला, तर धूळ, पंखे आणि थर्मल पेस्ट एवढ्यातच काम भागू शकते. ब्लोअरने धूळ काढताना वायर काढलेली असावी आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.

एसएमपीएस आणि यूपीएसचे गणित काय?

उदाहरण घेऊ. इंटेलचा आय ५ १२४०० हा प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालला, तर ११७ वॉटपर्यंत वीज घेतो. आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डची गरज १७० वॉट आहे. दोन्हींची बेरीज २८७ वॉट. त्यात मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे आणि मॉनिटर मिळवला, शिवाय एसएमपीएसमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज धरली, तर मागणी ४०० वॉटच्या आसपास जाऊ शकते. घरोघरी दिसणारा ६०० व्हीए यूपीएस मात्र साधारण ३६० वॉटच देऊ शकतो. आकड्यात ६०० दिसते म्हणून तो ६०० वॉटचा, हा समज चुकीचा आहे.

एसएमपीएसचेही तसेच. आरटीएक्स ३०६०साठी एनव्हीडियाची शिफारस ५५० वॉटच्या एसएमपीएसची आहे, कारण ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी सरासरीपेक्षा बरीच जास्त वीज ओढते. कॅबिनेटसोबत आलेला स्वस्त किंवा जुना एसएमपीएस नेमका या क्षणी कमी पडतो. हे ओळखण्यासाठी गेमचा फ्रेमरेट ६०वर बांधून पाहावा. त्याने विजेची मागणी आणि उष्णता दोन्ही कमी होतात. त्यानंतर संगणक तासन्‌तास चालला, तर दोष या दोहोंपैकी एकात असण्याची शक्यता वाढते. तापमान आधीच आटोक्यात असेल, तर बोट एसएमपीएसकडे वळते. तो उघडून पाहण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये. वायर काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब राहू शकतो.

रॅमची तपासणी कशी करावी?

रॅमच्या पाकिटावर छापलेला वेग अनेकदा ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ हा पर्याय बायोसमध्ये सुरू केल्यावरच मिळतो. हा एक प्रकारे ओव्हरक्लॉकिंगचाच भाग आहे आणि तो प्रत्येक प्रोसेसर-मदरबोर्डला झेपतोच असे नाही. म्हणून तो बंद करून गेम खेळून पाहावा. त्यानंतर ‘मेमटेस्ट ८६’ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावे. त्यात एकही चूक दिसली, तर ती मोठीच मानावी. दोन रॅम असतील, तर एकेक लावून तपासल्यास दोषी कोण ते कळते. स्लॉटमधून काढून पुन्हा नीट बसवल्यावरही अनेकदा प्रश्न सुटतो, विशेषतः दमट हवेच्या किनारपट्टीत.

ग्राफिक्स कार्डवर विनाकारण आळ येऊ शकतो का?

येऊ शकतो, आणि त्याचे ठळक उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे आहे. या पिढ्यांचे काही ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसर असलेल्या संगणकांवर अनरिअल इंजिनवरचे गेम बंद पडू लागले. पडद्यावर संदेश येई तो व्हिडिओ मेमरी संपल्याचा. साहजिकच लोक ग्राफिक्स कार्डला दोष देत राहिले. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हीडियानेच अशा ग्राहकांना इंटेलशी संपर्क साधण्यास सांगितले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सुधारित मायक्रोकोड आला, तो बायोस अपडेटमधून मिळतो. बॉक्समध्ये विकल्या गेलेल्या बाधित प्रोसेसरची वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवण्यात आली. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने दुरुस्त होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. या पिढीचा प्रोसेसर असणाऱ्यांनी बायोसची आवृत्ती आणि वॉरंटी आधी पाहावी.

दुकानात नेण्यापूर्वी काय करावे?

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. ड्रायव्हर, रॅम आणि पंखे एकाच दिवशी बदलले आणि संगणक सुरळीत चालू लागला, तर नेमके काय बिघडले होते हे कधीच कळत नाही. क्रम साधारण असा ठेवावा : नोंदी पाहणे, ओव्हरक्लॉकिंग आणि एक्सएमपी बंद करणे, ग्राफिक्स ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाकणे, बायोस अपडेट, तापमान, फ्रेमरेट बांधून चाचणी, रॅमची चाचणी. बायोस अपडेट सुरू असताना वीज जाऊ नये, याची काळजी घ्यावी. यांपैकी कशालाही पैसे लागत नाहीत.

एवढे करूनही प्रश्न कायम राहिला, तर मित्राकडचा चांगल्या क्षमतेचा एसएमपीएस तात्पुरता लावून पाहावा. तो लावताना त्याच्या स्वतःच्याच केबल वापराव्यात. वेगळ्या मॉडेलची केबल जोडात बसली, तरी तिच्यातील तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि भाग जळू शकतात. ग्राफिक्स कार्डही शक्यतो दुसऱ्या संगणकात लावून तपासावे. तिथे ते त्याच गेममध्ये हँग झाले, तरच कार्ड दोषी ठरते.

दुकानात जाताना बिल, वॉरंटीची मुदत, नोंदींचे फोटो आणि वहीतील टिपणे सोबत न्यावीत. ‘गेम खेळताना हँग होतो’ एवढेच सांगितले, तर तंत्रज्ञालाही अंदाजानेच भाग बदलावे लागतात आणि त्या अंदाजाचे बिल ग्राहकाला भरावे लागते.