अपेक्षाभंगातून वाक्प्रचार

वाक्प्रचार सहसा रूढ झाल्यावरच अभ्यासकाच्या दृष्टीस पडतो. तो घडत असता क्वचितच दिसतो. या दृष्टीने २००८ सालचे एक उदाहरण उद्बोधक आहे. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘इंडियाना जोन्स’ या साहसपटमालेचा चौथा भाग त्या वर्षीच्या मे महिन्यात, १९ वर्षांच्या खंडानंतर, प्रदर्शित झाला. त्यात अणुस्फोटातून वाचण्यासाठी नायक शिशाचे अस्तर असलेल्या शीतकपाटात शिरतो, कपाटासह दूर फेकला जातो आणि सुखरूप बाहेर पडतो. चाहत्यांचा रोष या प्रसंगावर एकवटला आणि त्याच वर्षी अमेरिकन इंग्रजीत ‘न्यूक द फ्रिज’ (शीतकपाट अणुस्फोटाने उडविणे) हा प्रयोग निघाला.

त्याचा साचा जुनाच होय. ‘हॅपी डेज’ या दूरचित्रवाणी-मालिकेतील १९७७ च्या एका प्रसंगावरून ‘जम्प द शार्क’, म्हणजे शार्क माशावरून उडी मारणे, हा वाक्प्रचार आधीच प्रचारात होता. मालिकेच्या ऱ्हासास प्रारंभ होणे, हा त्याचा अर्थ. क्रियापद व कर्म बदलले. रचना आणि आशय टिकले. सादृश्याचे कार्य ते हेच.

मात्र रोषाचे कारण निव्वळ अशक्यता नव्हे. १९८४ च्या भागात हाच नायक रबरी तराफ्यासह विमानातून उडी घेतो. त्या उडीचा वाक्प्रचार झाला नाही. पहिल्या प्रतिक्रियेत चित्रपटाबरोबर प्रेक्षकांची प्रदीर्घ प्रतीक्षाही तोलली जाते. चित्रपटाने जगभर सुमारे ७९ कोटी डॉलर मिळविले. तथापि भाषेने जपला तो चाहत्यांचा तातडीचा निवाडा. मत बदलता येते. वाक्प्रचारात गोठलेले मत बदलणे दुष्कर असते.