तगरचा गरुड आणि इंग्लंडच्या राजाची लिली

धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीच्या धरणात अडतं ते पाणी तेरणेचं, आणि माकणीला पोचण्याआधी तेरणा तेरवरून वाहत येते. आज तेर म्हटलं की गोरोबाकाका आठवतात. पण त्यांच्याही हजारावर वर्षं आधी हे गाव ‘तगर’ या नावाने व्यापारी जगाला ठाऊक होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. पुढे व्यापार ओसरला, तरी तगरचं नाव भलत्याच ठिकाणी, राजांच्या ताम्रपटांत, जिवंत राहिलं.

उत्तर कोकण आणि कोल्हापूर इथल्या शिलाहार घराण्यांचे ताम्रपट वाचले की राजाच्या नावाआधी बिरुदांची रांगच लागते. त्यात दोन बिरुदं ठळक आहेत: ‘तगरपुरवराधीश्वर’ आणि ‘सुवर्णगरुडध्वज’. म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचा स्वामी, आणि ज्याच्या निशाणावर सोन्याचा गरुड आहे असा. गरुडामागे कुळाची कथाही आहे. नागाला वाचवण्यासाठी स्वतःचं शरीर गरुडापुढे ठेवणारा विद्याधर जीमूतवाहन हा आपला मूळपुरुष, असं शिलाहार सांगत. ठाण्याकडे आणि पंचगंगेकाठी राज्य करणारी ही घराणी पिढ्यान् पिढ्या तेरणेकाठच्या एका गावाचं नाव अभिमानाने मिरवत राहिली. हातात नसलेल्या मूळगावावरचा हक्क त्यांनी बिरुदात जपला.

हे समजलं की युरोपातली ढालींवरची कुलचिन्हं समजायला वेळ लागत नाही. तिकडे ही पद्धत बाराव्या शतकात रुजली. अंगावर लोखंडी कड्यांचं चिलखत आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवल्यावर सरदाराचा चेहरा ओळखू येईना. लढाईत आणि त्याहून जास्त भालाझुंजींच्या सामन्यांत ढालीवरचं रंगीत चिन्ह हीच ओळख ठरली. फ्रान्समधल्या अंजू प्रांताचा सरदार जॉफ्री याला 1128 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने सोनेरी सिंहांची ढाल दिली, असं एका जुन्या बखरीत लिहिलं आहे. जॉफ्रीच्या थडग्यावरचा मीनाकारीचा पत्रा आजही फ्रान्समधल्या ल मां शहरात आहे आणि त्यावर निळ्या ढालीवरचे सोनेरी सिंह स्पष्ट दिसतात. जॉफ्रीचा नातू विल्यम लाँगस्पे 1226 मध्ये वारला. इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या चर्चमध्ये त्याच्या थडग्यावर तेच सिंह कोरलेले आहेत. एका माणसाची खूण होती ती आजोबाकडून नातवाकडे आली, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते.

कारण वारसा आला की नियम आले. सोनेरी आणि रुपेरी हे धातू. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको, म्हणजे ढाल दुरूनही ओळखू येते. बाप हयात असताना थोरल्या मुलाने त्याच ढालीवर तीन दात्यांची पट्टी जोडायची. हे सगळं ध्यानात ठेवणारे भाटांसारखे राजदूत होते. 1484 मध्ये लंडनला त्यांची रीतसर संस्था स्थापन झाली आणि ती आजही नव्या चिन्हांना मान्यता देते. चिन्हांवरून खटलेही झाले. स्क्रोप आणि ग्रोव्हनर या दोन इंग्रज सरदारांच्या ढाली अगदी सारख्या निघाल्या: निळ्यावर तिरका सोनेरी पट्टा. 1385 मध्ये वाद उभा राहिला आणि तो पाच वर्षं चालला. शेकडो साक्षी झाल्या, त्यांत कवी चॉसरचीही होती. शेवटी स्क्रोप जिंकला.

आता शिलाहारांचं तगरचं बिरुद आठवा. तसंच इंग्लंडमध्येही घडलं. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड 1340 मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगू लागला आणि त्याने फ्रेंच राजांची सोनेरी लिलीची फुलं आपल्या ढालीत घेतली. पुढे इंग्रजांच्या हातून फ्रान्समधला सगळा मुलूख गेला. तरी ती फुलं 1801 पर्यंत इंग्लंडच्या राजचिन्हावर होती. तगर आणि लिली, दोन्हींचा धागा एकच आहे. कुलचिन्ह म्हणजे नुसती सजावट नाही, तो दावा असतो. तो खरा की जुना झालेला, हे चिन्ह सांगत नाही.

फरकही मोठा आहे. आपल्याकडे ध्वज आणि लांछन राजवंशाचं असे. तिकडे शहरं, धंद्यांचे संघ, काही ठिकाणी तर शेतकरीसुद्धा स्वतःची ढाल बाळगत. सामान्य घरापर्यंत पोचलेली आपली खूण म्हणजे देवक. मोऱ्यांचं मोरपीस लग्नात मांडवात पूजलं जातं आणि सोयरीक जुळवताना देवक विचारलं जातं. देवकाला ढाल नाही, दप्तर नाही, तरी ते शतकानुशतकं टिकून आहे. मला ही व्यवस्था युरोपच्या तोडीची वाटते.

युरोपची ढाल आपल्याकडे आली ती इंग्रजांबरोबर. 1 जानेवारी 1877 च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने संस्थानिकांना साटीनचे ध्वज दिले. त्यांवरची चिन्हं रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने पाश्चात्त्य पद्धतीने रेखली होती. गव्हाची ओंबी आणि अफूचं बोंड होळकरांच्या चिन्हात आलं, कारण माळव्याची दौलत त्याच दोन पिकांवर उभी होती. माकणीवर मात्र 1948 पर्यंत निजामाचं पिवळं निशाण होतं. त्यावरचा गोल म्हणजे कुलचा ही रोटी. एका सूफी संताने पहिल्या निजामाला पिवळ्या फडक्यात बांधून सात कुलचे दिले, अशी आख्यायिका त्यामागे सांगतात.

तेरला गेलात तर त्रिविक्रम मंदिर आणि रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय जरूर पाहा. तगरचं नाव कोकण आणि कोल्हापूरपर्यंत कसं गेलं ते मुळातून वाचायचं असेल तर वा. वि. मिराशी यांचं ‘शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख’ हे पुस्तक मिळवा. माकणी, लोहारा, उमरगा या पट्ट्यातल्या शाळांच्या ग्रंथालयांत त्याची एकेक प्रत असायलाच हवी.