विजेत्यावर वजन

बाजारपेठेत एकाच दुकानाचा माल खपू लागला, तर त्या दुकानाचा लाभ होतो. पेठेचा होतोच असे नाही. आजूबाजूची दुकाने एकेक करून बंद पडू लागली, की गिऱ्हाईक त्या पेठेकडे वळेनासे होते आणि अखेरीस ते भरभराटीचे दुकानही ओस पडते. व्यापारी घरांना हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पण ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या मोटारींच्या जगाला हाच धडा अलीकडे, १९९८ साली, फार मोठी किंमत मोजून शिकावा लागला. त्या धड्यातून जी व्यवस्था उभी राहिली, ती आज बेल्जियममधील स्पा येथे दर उन्हाळ्यात होणाऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीत पाहायला मिळते. खेळाची आवड नसलेल्या वाचकानेही ती एकदा समजून घ्यावी अशी आहे, कारण तिच्या मुळाशी वेगापेक्षा व्यवहाराचा विचार अधिक आहे.

दहापैकी दहा

‘ग्रँड टूरिंग’ किंवा संक्षेपाने ‘जीटी’ हा शब्द इटालियन ‘ग्रान तुरिस्मो’वरून आला. लांबचा प्रवास वेगाने आणि आरामात करता यावा म्हणून बांधलेली मोटार, असा त्याचा मूळ अर्थ. फॉर्म्युला वनची गाडी केवळ शर्यतीसाठीच जन्माला येते. ती रस्त्यावर कधी दिसत नाही. जीटी शर्यतीतील गाडीचे मूळ मात्र दुकानात विकल्या जाणाऱ्या मोटारीत असते. पोर्शे, फेरारी, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ॲस्टन मार्टिन, लँबोर्गिनी ही नावे इथे एकमेकांसमोर उभी राहतात.

१९९४ साली युर्गेन बार्थ, पात्रिक पेतेर आणि स्तेफान रातेल या तिघांनी मिळून जीटी मोटारींची एक मालिका सुरू केली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती बीपीआर म्हणून ओळखली गेली. हौशी धनिक आणि लहान खासगी संघ मोटारी विकत घेऊन तिच्यात उतरू लागले. मालिका गाजली, तसे मोठ्या कारखान्यांचे लक्ष तिकडे गेले. मग नियमाची अक्षरे पाळून त्याचा आत्मा गमावण्याचा प्रकार सुरू झाला. रस्त्यावरची मोटार शर्यतीसाठी सुधारण्याऐवजी आधी शर्यतीची मोटार बनवायची आणि नियमापुरत्या मोजक्या प्रती रस्त्यासाठी काढायच्या, अशी उलटी रीत रूढ झाली. खासगी संघांना हा खर्च पेलणारा नव्हता.

१९९७ पासून ही स्पर्धा एफआयए या जागतिक संघटनेच्या नावाने होऊ लागली. १९९८ च्या मोसमात दहा शर्यती झाल्या आणि दहाही मर्सिडीजने जिंकल्या. खेळाच्या भाषेत हे निर्विवाद यश होते. पण पुढच्या वर्षी त्या सर्वोच्च गटात उतरायला पुरेसे प्रतिस्पर्धीच उरले नाहीत आणि १९९९ मध्ये तो गट स्पर्धेतून काढून टाकावा लागला. सगळे जिंकणाऱ्याने जिंकण्याची जागाच संपवली होती.

गिऱ्हाईक टिकले तर पेठ टिकते

बीपीआरच्या तिघांपैकी रातेल यांनी या अपयशातून निराळा मार्ग काढला. २००६ मध्ये ‘जीटी थ्री’ या नव्या वर्गाची युरोपीय स्पर्धा सुरू झाली. तिची घडण अशी, की कारखान्याने स्वतः शर्यतीत उतरण्यापेक्षा शर्यतीची मोटार बांधून खासगी संघांना विकावी, सुटे भाग पुरवावेत, तंत्रज्ञांची मदत द्यावी आणि त्यातून आपला नफा कमवावा. म्हणजे कारखाना हा विक्रेता, संघ हा ग्राहक आणि आयोजक हा पेठ चालवणारा.

या व्यवहाराची व्याप्ती लहान नाही. पोर्शेने २०२२ मध्ये ‘९११ जीटी थ्री आर’ ही नवी मोटार जाहीर केली, तेव्हा कर वगळून तिची किंमत ५,६७,००० युरो होती, म्हणजे सुमारे पाच कोटी रुपये. त्याशिवाय टायर, इंधन, सुटे भाग, वाहतूक आणि माणसे यांचा खर्च वेगळा. इतकी रक्कम गुंतवणारा संघ एकच गोष्ट मागतो: मी कोणत्याही कंपनीची मोटार घेतली, तरी मला जिंकण्याची रास्त संधी असावी. ती संधी नसेल, तर तो पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे जाईल किंवा हा नादच सोडून देईल.

आणि अडचण नेमकी इथेच आहे. मर्सिडीजचे इंजिन पुढे असते, ६.२ लिटरचे, आठ सिलिंडरांचे. पोर्शेचे मागे, ४.२ लिटरचे, सहा सिलिंडरांचे. फेरारी २९६ मध्ये ते चालकाच्या पाठीशी असते, अवघे ३ लिटरचे, पण टर्बो असलेले. लँबोर्गिनी हुराकानचे इंजिन दहा सिलिंडरांचे, टर्बोविना चालणारे. एक सरळ रस्त्यावर सुसाट सुटते, दुसरी वळणावर चिकटून राहते. अशा भिन्न जातीच्या मोटारी एका रेषेवर उभ्या करायच्या कशा?

तोलण्याची रीत

त्यावरचा उपाय ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ या नावाने ओळखला जातो. सोप्या मराठीत त्याला क्षमतेचा समतोल म्हणावे. आयोजकांचे तंत्रज्ञ प्रत्येक जातीच्या मोटारीची चाचणी घेतात, तिचा वेग, वळणावरील पकड आणि इंजिनची ताकद मोजतात आणि मग प्रत्येकीसाठी मर्यादा ठरवतात. मोटारीचे किमान वजन किती असावे, इंजिनात हवा शिरण्याचे तोंड किती रुंद असावे, टर्बोचा दाब कुठवर न्यावा, मोटार जमिनीपासून किती उंच असावी, टाकीत किती लिटर इंधन मावावे, अशी ही मोजमापे असतात. अधिक वेगवान ठरलेल्या मोटारीत शिशासारख्या जड धातूचे वजन बसवले जाते किंवा तिच्या इंजिनचा श्वास थोडा आवळला जातो. लांब सरळ रस्त्यांच्या सर्किटसाठी एक तक्ता, वळणावळणांच्या सर्किटसाठी दुसरा, असा भेदही केला जातो.

इथे एक शंका साहजिक आहे. गुणवंताला मागे खेचणे हा न्याय म्हणावा का? मेहनतीने मिळवलेला वेग काढून घेतला, तर मेहनत कोण करील?

या शंकेचे उत्तर नियमाच्या बारकाव्यात आहे. हे वजन मोटारीच्या जातीला लागते, संघाच्या कष्टाला नाही. एकाच कंपनीची मोटार दहा संघांनी घेतली असेल, तर दहाही मोटारींचे माप एकच असते. त्या दहांपैकी एक पहिला येतो आणि दुसरा तिसावा. तो फरक चालकाच्या हाताचा, तंत्रज्ञाच्या दक्षतेचा आणि संघप्रमुखाच्या निर्णयाचा असतो. यंत्राचा फायदा तराजूने काढून घेतला, की माणसाचे कर्तृत्व उघडे पडते.

यशावरच भार घालणारी दुसरी पद्धतही काही ठिकाणी आहे. जपानच्या ‘सुपर जीटी’ स्पर्धेत मिळवलेल्या गुणांच्या प्रमाणात पुढच्या शर्यतीसाठी मोटारीत वजन वाढत जाते. मात्र मोसमाच्या अखेरच्या शर्यतीत सारे वजन उतरवले जाते आणि अंतिम हिशेब मोकळ्या अंगाने होतो. ब्रिटनमधील जीटी स्पर्धेत आधीच्या शर्यतीत वर आलेल्या संघाला पिटमध्ये काही सेकंद अधिक थांबावे लागते. स्पा येथे मात्र भर आहे तो मोटारींच्या समतोलावर.

स्पाचा आठवडा

स्पा-फ्रँकोरशाँ हे सर्किट बेल्जियमच्या आर्देन डोंगराळ प्रदेशातील घनदाट जंगलातून जाते. एका फेरीची लांबी ७.००४ किलोमीटर, उंच-सखल भागांतील अंतर सुमारे शंभर मीटर. तिथला पाऊस लहरी आहे. सर्किटच्या एका टोकाला सरी कोसळत असताना दुसऱ्या टोकाला रस्ता कोरडा असतो. चोवीस तासांची शर्यत इथे पहिल्यांदा १९२४ साली झाली, म्हणजे फ्रान्समधील प्रसिद्ध ल मान्सच्या शर्यतीनंतर एका वर्षाने.

शर्यत शनिवार-रविवारची असली, तरी सोहळा आठवडाभर चालतो. बुधवारी शर्यतीच्या मोटारी सार्वजनिक रस्त्याने मिरवत स्पा गावात येतात. एरवी सर्किटच्या कुंपणापलीकडे राहणारी यंत्रे गावकऱ्यांच्या हाताच्या अंतरावर उभी राहतात. आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन ती दाखवतात. गुरुवारी सराव, पात्रता फेरी आणि अंधारातला सराव होतो. पात्रता फेरीची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. मोटारीच्या सर्व चालकांच्या वेळांची सरासरी काढली जाते. एकटा कितीही वेगवान असला आणि जोडीदार मंद असला, तर मोटार मागेच राहते. शुक्रवारी आघाडीच्या मोटारींमध्ये पहिल्या जागेसाठी चुरस होते. शनिवारी दुपारी साडेचारला शर्यत सुटते आणि रविवारी त्याच वेळी संपते. अलीकडच्या वर्षांत सत्तरच्या आसपास मोटारी त्यात धावतात.

एक मोटार तीन किंवा चार चालकांत वाटलेली असते. ते आळीपाळीने ती चालवतात. पिटमध्ये मोटार थांबते, एक चालक उतरतो, दुसरा बसतो, इंधन भरले जाते, टायर बदलतात. उतरणारा बसणाऱ्याला दोन वाक्यांत सांगतो: अमुक वळणावर तेल सांडले आहे, मागचे टायर घसरत आहेत. रात्री तीन वाजता, पावसात, झोपेतून उठून बसलेल्या जोडीदाराला त्या दोन वाक्यांवर विसंबून वेग धरावा लागतो. या चालकांत सारेच व्यावसायिक नसतात. संघटना चालकांची प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशी वर्गवारी करते. ब्राँझ वर्गात अनेकदा उद्योग-व्यवसाय सांभाळून हा छंद जोपासणारे लोक असतात आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र गट व स्वतंत्र चषक असतो.

गुणांचे वाटपही एकदाच होत नाही. सहा तासांनी, बारा तासांनी आणि अखेरीस असे तीनदा गुण दिले जातात. शिवाय मोटार बनवणाऱ्या कंपन्यांसाठी राजाच्या नावाचा एक मानाचा चषक आहे, ‘कूप द्यू रुआ’.

हा खेळ जोखमीचाही आहे. स्पाच्या रेदियों या चढावर २०१९ मध्ये दुसऱ्या एका स्पर्धेत आंत्वान ह्युबेर या तरुण चालकाचा मृत्यू झाला. २०२१ च्या चोवीस तासांच्या शर्यतीतही सुरुवातीलाच तिथे मोठा अपघात होऊन चालक जखमी झाले. त्यानंतर २०२२ पर्यंत त्या भागातील मोकळी जागा वाढवून सर्किटची दुरुस्ती करण्यात आली. त्याच २०२१ च्या शर्यतीचा शेवटही विसरण्यासारखा नाही. अखेरची काही मिनिटे उरली असताना, मुसळधार पावसात, फेरारीच्या आलेस्सांद्रो पियेर ग्विदी याने ब्लांशिमाँच्या अतिवेगवान वळणावर बाहेरच्या बाजूने ऑडीला मागे टाकले आणि शर्यत जिंकली. जवळजवळ चोवीस तास धावून झाल्यावर निकाल एका वळणावर लागला.

तराजूवरचा विश्वास

ही व्यवस्था निर्दोष आहे असे मात्र नाही. चाचणीत मोटारीचा खरा वेग दाखवला, तर तिच्यावर वजन चढणार, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे काही संघ सराव सत्रांत मुद्दाम हात राखून चालवतात आणि शर्यतीत खरे पत्ते उघडतात, असा आरोप वारंवार होतो. २०१६ साली ल मान्समध्ये पात्रता फेरी झाल्यानंतर आयोजकांनी फोर्डच्या टर्बोचा दाब कमी केला आणि मोटारीचे वजन वाढवले; तरीही त्या गटात फोर्डच जिंकली. त्यावर बरीच चर्चा झाली. जागतिक सहनशक्ती स्पर्धेच्या नियमांनुसार तर स्पर्धकांना या समतोलाबद्दल जाहीरपणे भाष्य करण्यासच मनाई आहे. तराजू धरणाऱ्याच्या हातावर विश्वास नसेल, तर वजने कितीही अचूक असोत, गिऱ्हाईक समाधानी होत नाही, हेच यातून दिसते. म्हणूनच आयोजकांना मोजमापे सतत तपासावी लागतात, नव्या माहितीप्रमाणे बदलावी लागतात आणि ती सर्व स्पर्धकांना कळवावी लागतात.

आरोप-प्रत्यारोप बाजूला ठेवून निकाल पाहिले, तर चित्र बोलके आहे. स्पाची चोवीस तासांची शर्यत २०२० मध्ये पोर्शेने जिंकली, २०२१ मध्ये फेरारीने, २०२२ मध्ये मर्सिडीजने, २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूने, २०२४ मध्ये ॲस्टन मार्टिनने आणि २०२५ मध्ये लँबोर्गिनीने. सहा वर्षांत सहा नावे! ॲस्टन मार्टिनचा याआधीचा स्पा विजय १९४८ सालचा होता, तर लँबोर्गिनीचा हा तिथला पहिलाच. १९९८ च्या दहापैकी दहा विजयांशेजारी ही यादी ठेवली, की तराजूने काय साधले ते वेगळे सांगावे लागत नाही.

ही पेठ आता भारतीयांनाही खुली झाली आहे. बंगळुरूचा अर्जुन मैनी २०२१ पासून जर्मनीच्या डीटीएम स्पर्धेत जीटी मोटार चालवतो. तमिळ अभिनेते अजित कुमार यांच्या संघाने जानेवारी २०२५ मध्ये दुबईच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला. मोटार विकत घेता येते आणि तिची संधी इतरांइतकीच असते, म्हणूनच मोटारशर्यतींची मोठी परंपरा नसलेल्या देशातील संघालाही तिथे उभे राहता येते.

स्पर्धा म्हणजे प्रतिस्पर्ध्याला संपवणे, अशी समजूत आज खेळात आणि बाजारातही वाढते आहे. मोठ्या भांडवलाची दुकाने भाव पाडून लहान पेढ्यांना गिळतात, तेव्हा काही काळ त्यांचे हिशेब चांगले दिसतात. पण १९९८ च्या त्या मोसमाचा ताळेबंद सांगतो, की समोर कोणी उरले नाही तर विजयाचे मोलही उरत नाही. जीटी शर्यतींनी हे ओळखले. तिथे बलवान कारखाना अंगावर वजन घेऊन शर्यतीत उतरतो, कारण शेजारचे दुकान उघडे राहण्यातच आपल्या मालाची किंमत आहे, हे त्याला कळून चुकले आहे. ते वजन त्याने स्वखुशीने घेतले की नाइलाजाने, हा प्रश्न वेगळा. पण पेठ त्यामुळेच भरलेली आहे.