कस्पट, शष्प आणि दमडी

लेखमाला : बोलीच्या वाटेवर – भाग नववा

गेल्या आठवड्यात आपण रागाचे शब्द पाहिले. आज त्यापुढची पायरी. समोरच्यावर रागावण्याचीही इच्छा उरत नाही, तेव्हा माणूस काय बोलतो?

बांधावरून भाऊबंदांशी भांडण झालं की आमची आजी अंगठ्याचं नख तर्जनीच्या टोकाला टेकवून म्हणायची, "बोलू दे त्यांना. मी दमडीची किंमत देत नाही." नखाखाली झाकेल एवढीशी जागा, ती तिची दमडी. खरी दमडी तिने कधी हातात धरली नव्हती. चलनातून केव्हाच गेलेलं नाणं तिच्या बोलण्यात मात्र रोज खुळखुळायचं.

दमडीचा चोख हिशेब अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त मिळतो. अकबराच्या काळी ४० दामांचा एक रुपया धरत. दाम तांब्याचा, वजनाला सुमारे २१ ग्रॅम. त्याचा निम्मा तो अधेला, पाव तो पावला आणि आठवा हिस्सा दमडी. म्हणजे रुपयाला ३२० दमड्या. 'दाम' हा शब्द त्याहून कितीतरी जुना. ग्रीकांच्या द्राख्मा या चांदीच्या नाण्यावरून संस्कृतात 'द्रम्म' आला आणि द्रम्मचा पुढे दाम झाला. चांदीचं नाव तांब्यावर उतरलं, मग त्या तांब्याच्या आठव्या हिश्श्यावर, आणि शेवटी 'काहीच नाही' या अर्थावर येऊन थांबलं. 'एक छदामही देणार नाही' म्हणताना त्या छदामातही हाच दाम असतो.

या दामाची एक गोष्ट साहेबाच्या भाषेतही शिरली. 'आय डोन्ट गिव्ह अ डॅम' हा इंग्रजीतला बेफिकिरीचा सर्वांत गाजलेला उद्गार. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. त्यात असा तर्क मांडला आहे की हा 'डॅम' म्हणजे आपला दाम असावा. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्यांनी 'एका दामाचीही पर्वा नाही' हे बोलणं मायदेशी नेलं असावं. तर्क इतका देखणा की आजही लोक तो खरा म्हणून सांगतात. पण ऑक्सफर्डच्या कोशकारांनी जुने दाखले तपासले आणि तो नाकारला. ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या लेखनात हा प्रयोग १७६० सालीच सापडतो, आणि गोल्डस्मिथ हिंदुस्थानात कधी आलेला नव्हता. त्याच सुमाराला 'एका शापाइतकीही पर्वा नाही' असंही इंग्रजीत म्हणत. तेव्हा हा डॅम म्हणजे शिव्याशापातलाच. आपल्या नाण्याचा मान गेला याची हळहळ मलाही वाटते, पण शब्दाची कुळी पुराव्यानेच ठरवायची असते.

तर्क चुकला, पण त्यामागची जाण खरी होती. पर्वा नाही हे सांगायला माणूस हाताशी असलेली सगळ्यांत क्षुल्लक वस्तू उचलतो. नाण्यांच्याही आधी ती वस्तू होती गवताची काडी. पाणिनीने इसवी सनापूर्वी काही शतकं लिहिलेल्या व्याकरणात यासाठी खास नियम आहे. 'मानणे' या अर्थाच्या धातूचं कर्म अनादर दाखवण्यासाठी आलं आणि ते निर्जीव असलं, तर ते विकल्पाने चतुर्थीत घालावं. टीकाकारांनी दिलेल्या उदाहरणाचा आशय असा की मी तुला गवताची काडीसुद्धा समजत नाही. दुसऱ्या उदाहरणात गवताच्या जागी भुसा आहे. माणसं एकमेकांना कसं कस्पटासमान लेखतात, याचीसुद्धा व्याकरणाने नोंद ठेवली!

ती काडी आजही कॉलेजच्या कट्ट्यावर आहे. 'मला शष्प फरक पडत नाही' म्हणणाऱ्या मुलाला बहुधा ठाऊक नसतं की संस्कृतात शष्प म्हणजे कोवळं गवत. अंगावरच्या केसासाठी असलेल्या एका शिवराळ शब्दाच्या जागी, चारचौघांत खपेल म्हणून मराठीने तो घेतला. रोमन लोकही अशाच क्षुल्लक मापांनी पर्वा मोजत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला त्यांचा कवी कातुल्लुस एका कवितेत एका केसाइतकीही पर्वा नसल्याचं बोलतो, तर दुसरीत लोकांच्या कुजबुजीची किंमत 'आस' नावाच्या एका ब्राँझच्या नाण्याएवढी ठरवतो. इकडे गवत, केस, दमडी. तिकडे केस आणि आस. मापं जवळजवळ तीच.

पण मराठीत एक शब्द असा आहे की तो मापतच नाही. तो म्हणजे सोयरसुतक. घरात मूल जन्मलं की भावकीने पाळायचं ते सोयर आणि कुणी गेलं की पाळायचं ते सुतक. 'सोयरसुतक नाही' याचा मुळातला अर्थ, तुमच्याकडचा पाळणा माझ्या घरापर्यंत पोचत नाही आणि तुमची तिरडीही नाही. दमडी म्हणताना निदान समोरच्याला तागडीत घातलेलं असतं. इथे तागडीच उचलून ठेवली. म्हणून कानावर येणारा फरक पाहा. 'दमडीची किंमत देत नाही' हे माणूस स्वतःबद्दल ताठ मानेने बोलतो. 'त्यांना काही सोयरसुतक नाही' हे बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल येतं, तक्रार म्हणून. पाणी न आलेल्या वस्तीत, पंचनामा न झालेल्या शेतात हाच शब्द ऐकू येतो. बेफिकिरीची फुशारकी मिरवता येते, पण नातं तोडल्याचं आपण होऊन सांगायला जीभ कचरते.

ज्या भाऊबंदांना आजी दमडीची किंमत देत नव्हती, त्यांच्या घरचा कर्ता माणूस एका पावसाळ्यात गेला. आजीने देवघराचं दार ओढून घेतलं आणि दहा दिवस सुतक पाळलं. बांधाचं भांडण मिटलं नव्हतं. अकराव्या दिवशी न्हाऊन तिने पुन्हा देवापुढे दिवा लावला.

पुढील आठवड्यात : 'भीक घालत नाही' मधली भीक.