अनारशाला जाळी कशी पडते

अनारसा तळायला दोन-तीन मिनिटं लागतात, पण त्याची तयारी आठ-दहा दिवस आधी सुरू होते. जिन्नस चारच: तांदूळ, गूळ, तूप आणि खसखस. तरीही दिवाळीच्या फराळात सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते. मला वाटतं, ही धास्ती पाककृती पाठ करून जात नाही, पिठाची ओल ओळखता आली की जाते. अनारशाचं सगळं गणित त्या ओलीवर चालतं.

तांदूळ साधा आणि जुना घ्यावा; नवा चिकट असतो. उकडा तांदूळ मुळीच चालत नाही, कारण त्यातलं स्टार्च आधीच शिजलेलं असतं. अर्धा किलो तांदूळ धुऊन भरपूर पाण्यात 3 दिवस भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचं. या दिवसांत दाण्यावरचे सूक्ष्मजीव कामाला लागतात, पाण्यावर बारीक बुडबुडे दिसतात, हलका आंबूस वास येतो. तो तसाच यायला हवा. पाणी बदलायचं राहिलं तर मात्र वास कुबट होतो आणि तळल्यावरही जात नाही. नीट भिजलेला दाणा दोन बोटांत चिमटला की चुरडतो.

चौथ्या दिवशी तांदूळ निथळून सुती पंचावर सावलीत पसरावा. उन्हात घालू नये. अर्ध्या-पाऊण तासाने मूठभर उचलून दाबून पाहावा. हाताला गार आणि ओलसर लागला पाहिजे, पण तळव्याला पाणी लागता कामा नये. अशा दमट अवस्थेतच तो मिक्सरवर दळून मैद्याच्या चाळणीने चाळायचा. चाळलेलं पीठ मुठीत दाबलं तर मूठ वळते आणि बोटाने टोचलं की फुटते. इथे घाई करणाऱ्यांचे आणि जास्त वाळवणाऱ्यांचे, दोघांचेही अनारसे बिघडतात. आपण गुळाचा पाक करत नाही, तो चिरून कोराच घालतो. त्याला विरघळायला लागणारं पाणी या पिठातूनच यायचं असतं. तमिळनाडूतल्या अधिरसमला आणि कर्नाटकातल्या कज्जायाला गुळाचा पाक करून त्यात पीठ घालतात, तिथे सगळी कसोटी पाकाची. आपल्याकडे ती पिठाची.

आता गूळ. तांदळाच्या वजनाच्या पाऊणपट, म्हणजे अर्ध्या किलोला पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास, मऊ पिवळा गूळ बारीक चिरून घ्यावा. चिक्कीचा गूळ नको, त्याने अनारसा कडक होतो. गूळ मिसळण्याआधी वाटीभर पीठ बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवावं. ते पुढे कामाला येतं. बाकीच्या पिठात गूळ आणि दोन चमचे तूप घालून नीट कुस्करावं, घट्ट गोळे करून डब्यात भरावेत आणि 4-5 दिवस ठेवावेत. पहिल्या दिवशी गोळा भुसभुशीत लागतो, पीठ कमी ओलं होतं की काय अशी शंका येते. पण पाणी घालू नये. गूळ हळूहळू पिठातलं पाणी ओढून घेतो, स्वतः विरतो आणि तिसऱ्या दिवशी तोच गोळा मऊ होतो.

तळायच्या दिवशी लागेल तेवढंच पीठ काढून मळावं. घट्ट वाटलं तर पिकल्या केळ्याचा छोटा तुकडा किंवा चमचाभर दूध पुरतं. केळीच्या पानावर खसखस पसरून त्यावर लिंबाएवढी गोळी पुरीसारखी थापावी, फार पातळ नाही. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून मंद-मध्यम आचेवर तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. उलटला तर खसखस तुपात सुटते आणि जळते. शिवाय जाळीही बुजते. खालची बाजू तुपाच्या तापाने आधी घट्ट होते, आतल्या पाण्याची वाफ वरून वाट काढते, गूळ वितळतो आणि वाफेने केलेली छिद्रं तशीच राहून पीठ शिजतं. तीच जाळी. लालसर झाला की झाऱ्यावर निथळून चाळणीत उभा करावा, म्हणजे तूप गळून जातं.

कधी कधी अनारसा हसतो, म्हणजे तुपात पसरून विरघळतो. तांदळात गव्हासारखा चिकटून धरणारा पदार्थ नसतो. अनारसा शिजलेल्या स्टार्चच्या बळावर उभा राहतो. गूळ जास्त झाला तर तो पाणी स्वतःकडे धरून ठेवतो, स्टार्च वेळेत शिजत नाही आणि सगळं सुटतं. तूप पुरेसं तापलेलं नसलं तरी हेच होतं. म्हणून आधी एकच तळून पाहावा. तूप नीट तापलेलं असूनही हसला तर बाजूला ठेवलेलं पीठ थोडं मिसळून गोळा रात्रभर मुरू द्यावा. उलट, जाळी न पडता दगडासारखा झाला तर गूळ किंवा ओल कमी पडली आहे. चमचाभर गूळ घालून पुन्हा मुरवावा. तळण आटोपण्याच्या घाईत बिघडलेलं पीठ तसंच रेटू नये. ते जवळजवळ नेहमी सुधारतं.

बाजारात तयार पीठ मिळतं आणि अडीनडीला ते चालतं, पण त्यातली ओल आणि गूळ आपल्या हातात नसतो. घरचे गोळे फ्रीजमध्ये महिनाभर सहज टिकतात, तेव्हा एकदाच करून ठेवावेत.

अधिक महिन्यात जावयाला 33 अनारशांचं वाण देतात. द्यायचं ठरलं असेल तर तांदूळ किमान दहा दिवस आधी भिजत घाला.