इंजिन ठरलं, गिअरबॉक्सचं काय?

१९६८ सालची शेव्हर्ले शेव्हेल डोळ्यांपुढे आणा. लांबलचक बॉनेट, दोन दारं, आणि त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत असे तसा 'पॉवरग्लाइड' नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुढे जायला गिअर किती? दोन. एक गाडी उचलायला, दुसरा पळवायला. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होतं तोवर यात कुणाला काही खटकलं नाही.

आज अशी गाडी विकत घेऊन तिच्यात नवं इंजिन बसवणं हा तिथल्या घरोघरच्या गॅरेजांतला शनिवार-रविवारचा उद्योग आहे. इंजिन कुठलं, हा वाद जवळजवळ मिटलाय. जनरल मोटर्सचं 'एलएस' घराण्यातलं व्ही-८, आणि तेही बहुधा भंगारात निघालेल्या सिल्व्हराडो पिकअपमधलं ५.३ लिटरचं. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये हे घराणं पहिल्यांदा दिसलं आणि पुढे पिकअप ट्रकांतून ते इतकं पसरलं, की भंगारवाल्यांकडे त्याला तोटा नाही. घोडं अडतं ते त्यामागच्या गिअरबॉक्सवर.

बहुतेक जण विचार करतात तो इंजिनाकडून मागे. माझ्या मते तो मागच्या चाकांकडून पुढे करावा. चाकाचा व्यास किती, डिफरन्शिअलचं प्रमाण किती, आणि गाडी नेमकी कुठे चालवायची आहे, हे आधी कागदावर मांडावं. उदाहरणच घेऊ. चाक २६ इंची आणि मागे ३.०८ चं डिफरन्शिअल. १९६९ साली आलेला तीन गिअरचा टीएच-३५० हा जुन्या लोकांचा लाडका. स्वस्त, दणकट, कुठलाही मिस्त्री डोळे मिटून उघडेल असा. त्याचा पहिला गिअर २.५२ चा. सिग्नलवरून गाडी झपकन उचलायची, तर मागचं प्रमाण ३.७३ करावं लागतं. दोन्हींचा गुणाकार येतो ९.४. आता हायवेला लागा. त्याचा तिसरा गिअर म्हणजे सरळ एकास एक. ताशी ११२ किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३,४०० फेरे घेत राहतं. तासभर हा घोंगावा ऐकला, की शेजारी बसलेलं माणूस बोलायचं थांबतं.

त्याऐवजी चार गिअरचा ४एल६०ई घेतला तर? पहिला गिअर ३.०६ चा. मागचं ३.०८ तसंच राहू दिलं, तरी गुणाकार तोच, ९.४. म्हणजे उचल तेवढीच. पण चौथा गिअर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह, म्हणून त्याच वेगाला इंजिन २,००० फेऱ्यांच्याही खाली येतं. शिवाय वेग स्थिरावला की टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडतो. तेल घुसळण्यात वाया जाणारी ताकद आणि तयार होणारी उष्णता, दोन्ही वाचतात. साध्या टीएच-३५० ला ही सोय नाही. मला तरी हा हिशेब एकदा पाहिल्यावर दुसरीकडे बघावंसं वाटत नाही.

खोट आहेच. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधली दरी मोठी आहे, ३.०६ वरून एकदम १.६३. ५,००० फेऱ्यांवर गिअर बदलला, तर इंजिन २,७०० च्या आसपास येऊन आदळतं. शर्यतवाल्यांना हे सलतं. घरच्यांना घेऊन फिरायला निघालेल्याला कळतही नाही. आणि टर्बो लावून ताकद दुप्पट करायची असेल, तर हा गिअरबॉक्स मान टाकेल. तिथे थोरला ४एल८०ई हवा, जुन्या टीएच-४०० चा वंशज. पण तो शंभर किलोंच्या घरातला पहिलवान. त्याला जागा द्यायला गाडीच्या मजल्यातल्या मधल्या उंचवट्यावर बऱ्याचदा हातोडा, नाहीतर करवत चालवावी लागते. बिनछेडछाडीच्या ५.३ साठी एवढा खटाटोप म्हणजे मुंगी मारायला तोफ.

आता त्या 'ई' अक्षराबद्दल. ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. ४एल६०ई चा थोरला भाऊ ७००आर४ (१९८२) संगणकाशिवाय चालतो, म्हणून कार्ब्युरेटरवाल्यांना मोह होतो. त्याला ॲक्सलेटरशी जोडलेली एक केबल असते. टीएच-३५० लाही दिसायला तशीच केबल असते, पण तिचं काम फक्त पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणं. ७००आर४ ची केबल मात्र आतल्या तेलाचा दाबच ठरवते. ती सैल राहिली, की दाब कमी पडतो, क्लच प्लेटा घसरतात आणि नवाकोरा गिअरबॉक्स पाहता पाहता जळतो. नंतरच्या पिकअपांत तर ॲक्सलेटरही वायरीवर चालतो. ओढायला केबलच नाही, मग ही कुठे जोडणार? म्हणून भंगारातून इंजिन उचलताना त्यामागचा ४एल६०ई, वायरिंग आणि संगणक असा सगळा संसारच उचलावा. बऱ्याच पिकअपांत तो एकच संगणक दोघांना सांभाळतो.

तरीही कुणाला घरात पडलेला जुना टीएच-३५० च लावायचा असेल, तर बोल्टांची भोकं जुळतात. १९५५ पासूनची तीच मांडणी, एखादा बोल्ट वगळता. फरक आत आहे. एलएसच्या क्रँकशाफ्टचं टोक जुन्या इंजिनापेक्षा सुमारे १० मिलिमीटर आत असतं, त्यासाठी मध्ये चकती टाकावी लागते. ती विसरून नुसते बोल्ट आवळणाऱ्याला तेलाचा पंप बदलावा लागतो.

(आपल्याकडे हे करून पाहण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही.)

सगळं बसलं, प्रॉपेलर शाफ्ट मापात कापून आणला, तेल थंड करायचा कूलर पुढे लावला, गाडी सुरू झाली. आणि लक्षात येतं, की स्पीडोमीटरचा काटा शून्यावरच आहे. १९६८ च्या त्या डायलला फिरणारी केबल लागते, आणि ४एल६०ई देतो विजेचा सिग्नल. बाजारात यावर एक छोटी डबी मिळते. आतली मोटर तो सिग्नल घेते आणि जुनी केबल फिरवते.